लिंबू कोण कापणार?

गेल्या वर्षी, 2025 च्या रमजानमध्ये, आमच्या महागावात मोहल्ल्यातल्या मशिदीच्या अंगणात सरबतावरून थोडी बोलाचाली झाली. वाद म्हणावा इतकी मोठी नव्हती. रोज असरनंतर दोन मोठ्या पातेल्यांत इफ्तारचं सरबत बनतं. पाणी, साखर, बर्फ, चिमूटभर पिवळा रंग आणि किराणा दुकानातून आणलेली पांढऱ्या दाण्यांची पुडी. आमच्याकडे तिला ‘निंबू का फूल’ म्हणतात, मराठीत लिंबूसत्व. मी एवढंच विचारलं, की बाजारात लिंबं दिसताहेत, तर खरं लिंबू का पिळू नये?

उत्तर तयार होतं, महाग पडतं. मी हिशोब मांडला. शंभर माणसं, माणशी अर्धं लिंबू, म्हणजे पन्नास लिंबं. कागदी लिंबू किलोला वीस-पंचवीस बसतात, म्हणजे दोन-अडीच किलोंत काम होतं. मार्चमध्ये भाव चढायला लागले होते, तरी आपण रोज खजुरावर जेवढा खर्च करतो त्याच्या निम्माही हा होत नव्हता. हिशोब सगळ्यांना पटला. मग एका बुजुर्गांनी खरं कारण सांगितलं, “अरे भाई, पर पचास निंबू काटेगा कौन?”

सगळे हसले, मीही हसलो. पण घरी येताना तो प्रश्न डोक्यातून जाईना. कारण त्या शंभरजणांपैकी प्रत्येकाच्या घरी त्याच वेळी कोणीतरी लिंबू कापत होतं. कोणी डाळीवर पिळायला, कोणी कांद्यावर, कोणी कबाबाच्या ताटलीत ठेवायला. तिथे हा प्रश्न कधीच कोणी विचारत नाही.

दुसऱ्या दिवशी मी आणि मोहल्ल्यातली दोन कॉलेजची पोरं, अशी आमची तिघांची फौज उभी राहिली. जोहरची नमाज झाली की बसलो. उशीर नको म्हणून तीन वाजताच सुरुवात केली. लिंबं धुतली, मधोमध आडवी कापली आणि स्टीलच्या दाबयंत्रात घालून शेवटच्या थेंबापर्यंत पिळली. एक थेंब वाया जाऊ द्यायचा नाही, असा आमचा निश्चय होता. रस पातेल्यात ओतला, साखर घातली, ढवळला, झाकून ठेवला. पावणेचारला काम फत्ते. अजान झाली, खजूर खाल्ला, ग्लास तोंडाला लावला आणि शंभर तोंडं एकदम वाकडी झाली. सरबत कडू झालं होतं. औषधासारखं, घशात राहणारं कडू. कोणी काही बोललं नाही, रोजेदार माणूस इफ्तारच्या वेळी तक्रार करत नाही. पण तिसऱ्या दिवशी पातेल्याजवळ पुन्हा ती पांढरी पुडी आली आणि कोणाला त्यात वावगं वाटलं नाही.

अम्मीला सांगितलं तर तिने तीनच प्रश्न विचारले. “छिलका भी निचोडा क्या? बीज निकाले थे क्या? कितने बजे बनाया?” तिन्ही उत्तरं ऐकून ती म्हणाली, “फिर मीठा कैसे लगेगा?”

आता ती लिंबू कसं हाताळते ते लिहितो. मी चाळिशीत पोचलो तरी हे नीट बघितलं नव्हतं, हेही कबूल करतो.

लिंबू घेताना ती रंग बघत नाही, हातात तोलून बघते. आकाराच्या मानाने जड लागलं आणि साल पातळ, चकचकीत असली तर घ्यायचं. खडबडीत जाड सालीचं लिंबू दिसायला मोठं, आत कोरडं. घरी आणल्यावर धुऊन फडक्याने पूर्ण कोरडं करायचं, सरबतासाठी असो की अचारासाठी. मग पाटावर ठेवून तळहाताने दाबत चार-पाच वेळा फिरवायचं. आतल्या रसाच्या पेशी सैल होतात आणि पिळताना जोर लागत नाही. जोर लागला नाही तर सालीतलं तेल आणि पांढऱ्या गराचा कडवटपणा रसात उतरत नाही. आमच्या स्टीलच्या यंत्राने नेमकं तेच केलं होतं.

कापायची पद्धतही वेगळी. आम्ही मधून दोन तुकडे केले, त्यामुळे बिया कापल्या गेल्या. ती लिंबू उभं धरते आणि मधल्या दांड्याच्या थोडं बाजूने सुरी उतरवते. एका बाजूचा गाल निघतो, मग दुसऱ्या बाजूचा. बिया मधल्या भागाला चिकटून राहतात. गाल सरबताला, मधला भाग गाळणीवर दाबून डाळीला. साखर-मीठ आधी पाण्यात पूर्ण विरघळवायचं आणि रस सगळ्यात शेवटी घालायचा, अजानच्या दहा-पंधरा मिनिटं आधी. डाळीतही तसंच. गॅस बंद करून, वाफ थोडी बसल्यावर. उकळत्या डाळीत पिळलं तर आंबटपणा राहतो, वास उडून जातो.

या ‘उशिरा येणाऱ्या कडूपणा’ला शास्त्रात नावही आहे. लिंबूवर्गातल्या फळांत बिया आणि पांढऱ्या गराच्या पेशींत एक पदार्थ असतो, जो स्वतः कडू नसतो. फळ चिरलं, पेशी फुटल्या आणि तो आंबट रसात मिसळला की काही तासांत त्याचं लिमोनिन होतं आणि रस कडू लागतो. आमचं सरबत पावणेचारला चाखलं असतं तर बहुधा चांगलं लागलं असतं. अम्मीला लिमोनिन हा शब्द माहीत नाही. तिला वेळ माहीत आहे.

रस काढून उरलेल्या साली ती फेकत नाही. मीठ लावून काचेच्या बरणीत, उन्हात. आठ-दहा दिवसांनी साल नरम पडते, मग हळद, तिखट, थोडा गूळ आणि दोन ताज्या लिंबांचा रस. बरणीला पत्र्याचं झाकण चालत नाही, आंबट त्याला खातं. ॲल्युमिनियमच्या भांड्यात तर लिंबाचं काहीच ठेवायचं नाही. पलीकडच्या घरातल्या काकू उपवासाचं लोणचं घालतात, सैंधव, साखर आणि जिऱ्याचं, तेलाशिवाय. दोन्ही बरण्या एकाच गच्चीच्या कठड्यावर वर्षानुवर्षं उन्हं खातात. यावर ‘लिंबाला धर्म नसतो’ असं काहीतरी लिहिण्याचा मोह होतो, पण ते बरंच लिहून झालंय. मला त्या गच्चीवर दुसरंच साम्य दिसतं. दोघींच्या बोटांना चिरा आहेत. त्या चिरांत मीठ आणि रस गेला की काय होतं ते ज्याने एकदा अनुभवलं त्यालाच कळेल. आणि दोघींच्या घरी जेवणाऱ्यांनी कधी विचारलं नाही, की हे कापलं कोणी.

पुडीबद्दल अन्याय नको. लिंबूसत्व विष नाही. ते सायट्रिक ॲसिड आहे, लिंबात असतं तेच. 1784 मध्ये शेले नावाच्या स्वीडिश रसायनतज्ज्ञाने ते लिंबाच्या रसातून स्फटिकरूपात वेगळं केलं. त्यानंतर बराच काळ ते खरोखर लिंबापासून बनायचं, इटलीच्या बागांतून जगाला पुरवठा व्हायचा. 1917 मध्ये अमेरिकेत जेम्स करी या संशोधकाने दाखवलं, की एक काळी बुरशी साखरेवर वाढवली तर ती हेच आम्ल ढिगाने तयार करते. दोनच वर्षांत कारखाना उभा राहिला आणि लिंबाची गरज संपली. आज पुडीत मिळतं ते जवळजवळ सगळं असंच, साखर किंवा मळी आणि बुरशीपासून. नावात निंबू, फूलही, आत दोन्ही नाही. आंबट आहे, पण वास नाही, कारण वास रसात कमी आणि सालीच्या तेलात जास्त असतो. म्हणून मग वरून इसेन्सची बाटली लागते आणि पिवळा रंग लागतो. म्हणजे लिंबू कापायचे श्रम वाचवायला आपण तीन वस्तू विकत आणतो.

आता कोणी म्हणेल, की 2022 विसरलास का? नाही विसरलो. त्या वर्षी रमजान एप्रिलमध्ये आला होता आणि देशभर लिंबू दहा-दहा रुपयांना एक विकलं जात होतं. आधीच्या पावसाळ्यातल्या अतिवृष्टीने हस्त बहार हातचा गेला, मग फेब्रुवारी-मार्चच्या उष्णतेने आंबिया बहाराची फुलं आणि कोवळी फळं गळाली. उन्हाळ्यातलं लिंबू हस्त बहाराचं, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरच्या फुलांचं. तो बहार धरणं कठीण, कारण फुलं यायला झाडाला ताण द्यावा लागतो आणि त्या दिवसांत पाऊस जात नाही. म्हणून उन्हाळ्यात लिंबू नेहमीच महाग आणि हिवाळ्यात मातीमोल. त्या एप्रिलमध्ये पुडी आणली त्याला मी दोष देणार नाही.

पण आपलं कॅलेंडर चंद्राचं आहे. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो. 2022 ला 3 एप्रिल, 2025 ला 2 मार्च आणि यंदा फेब्रुवारीचा तिसरा आठवडा. पुढची काही वर्षं तो जानेवारी-डिसेंबरमध्ये शिरेल. माझ्या लहानपणी, 1998-99 च्या सुमारास, तो तिथेच होता. तेव्हा इफ्तारला सरबत कमी आणि संत्री जास्त असायची. आमचा तालुका कापूस, सोयाबीन आणि उसाचा, संत्र्याचा नाही. पण वरुड-मोर्शीकडचा माल यवतमाळवरून हमरस्त्याने यायचा. बारीक फळाला बाजारात चुरी म्हणतात, ती कोणी घेत नाही म्हणून स्वस्त मिळायची आणि अब्बा पिशवी भरून आणायचे. म्हणजे लिंबू आणि संत्रं दोन्ही स्वस्त असण्याचे दिवस आणि रोज्यांचे दिवस आता पुन्हा एकत्र येताहेत. महागाईचं कारण पुढची पंधराएक वर्षं तरी चालणार नाही.

त्या चुरीच्या साली अम्मी वाळवून ठेवायची आणि ईदला जर्द्यात घालायची. हल्ली आपल्याकडे संत्र्याची साल पोचली तर उटण्यातून चेहऱ्यापर्यंत पोचते, पोटात जात नाही. जर्द्यासाठी तिची तयारी निगुतीची असते. नागपुरी संत्र्याची साल सैल, फुगीर, त्यामुळे लिंबासारखी किसणीवर किसता येत नाही. फळ मिठाच्या कोमट पाण्यात चोळून धुवायचं, साल सोलून घ्यायची आणि आतला पांढरा थर चमच्याच्या कडेने खरवडून काढायचा. मग केशरी भागाच्या काडीएवढ्या पातळ चिरी. त्या पाण्यात उकळायच्या, पाणी फेकायचं. पुन्हा ताजं पाणी, पुन्हा उकळी, पुन्हा फेकायचं. असं तीनदा. तिसऱ्या पाण्याला कडूपणा जातो, सुगंध बऱ्यापैकी टिकतो. मग साखरेच्या पाकात पारदर्शक होईपर्यंत शिजवायच्या आणि भात दमाला लावताना वरून पसरायच्या. इराणात गोड पुलावासाठी नारिंगीच्या साली अशाच उकळून घेतात. अम्मीने इराणी पुलाव पाहिलेला नाही, तिला हे तिच्या सासूने शिकवलं.

फोडी वापरायच्या तर त्याहून किचकट. प्रत्येक फोडीचा पापुद्रा सोलायचा, शिरा काढायच्या, बिया काढायच्या आणि फक्त गर ठेवायचा. खीर किंवा बासुंदी पूर्ण गार झाल्यावरच तो घालायचा. गरम दुधात घातला की दूध फाटतं. एक वाटी गराला पाऊण तास जातो.

ही फळं आपल्या खाण्यात नवी नाहीत, हे त्यांची नावंच सांगतात. नारंग हा संस्कृत शब्द, फारसी-अरबीतून नारंज होत स्पेनपर्यंत गेला. निंबू फारसीत लीमू आणि अरबीत लैमून झालं. बाबराने हिंदुस्थानातल्या फळांबद्दल लिहिताना लीमू, तुरंज आणि संगतरा यांची दखल घेतली आहे. सुलतान सलाउद्दीनचा यहुदी हकीम इब्न जुमय याने तर बाराव्या शतकात लिंबू आणि त्याच्या सरबतावर स्वतंत्र पुस्तिकाच लिहिली. तुरंज म्हणजे आपलं महाळुंग. हदीसमध्ये कुरआन पठण करणाऱ्या मोमिनाला ज्याची उपमा दिली आहे ते हेच फळ, आणि कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातातही हेच. गंमत अशी, की महाळुंगात रस जवळजवळ नसतोच. जाड साल हेच त्याचं फळ. आपण मात्र फळाची किंमत रसाने करायला शिकलो आणि बाकीचं उकिरड्यावर टाकतो.

माझा एक चुलतभाऊ कुवेतला असतो. गेल्या वेळी त्याने तिकडची वाळवलेली काळी लिंबं आणली. मिठाच्या पाण्यात उकळून, महिनाभर उन्हात टाकून, लाकडासारखी झालेली. अम्मी आधी म्हणाली, “इतनी दूर से सडे निंबू कायको लाया?” मग एक फोडून वास घेतला, बिया झटकल्या आणि दोन दालच्यात टाकली. हिवाळ्यातलं स्वस्त लिंबू उन्हाळ्यापर्यंत टिकवायचं कसं, हा प्रश्न तिकडेही होता आणि तोही उन्हाने आणि बायकांच्या हातांनी सोडवला.

आपल्याकडे हा प्रश्न निघाला की ‘प्रक्रिया उद्योग’ हा शब्द येतो. विदर्भात निवडणूक आली की संत्रा प्रक्रियेची घोषणा होते, हे आता शाळकरी पोरही सांगेल. कारखाने हवेत, त्याला माझा विरोध नाही. बांगलादेशने आयात शुल्क वाढवत नेल्यावर संत्रा उत्पादकांचे जे हाल झाले ते बघता तर नक्कीच हवेत. पण नागपुरी संत्र्याला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तरी त्याचा रस बाटलीत भरणं अवघडच आहे, कारण तोही आमच्या सरबतासारखाच काही तासांत कडू होतो. यंत्र बिया आणि पांढरा गर चिरडतं. हाताने सोलणारी बाई ते बाजूला काढते. ज्या कामासाठी कारखान्यात वेगळी यंत्रणा बसवावी लागते ते काम आपल्या घरात रोज होतं, तेही फुकटात. बाजारात त्याला ‘मूल्यवर्धन’ म्हणतात आणि त्यावर अनुदान मिळतं. घरात त्याला ‘जरा लिंबू काप गं’ म्हणतात.

माझं म्हणणं एवढंच आहे, की ही मजुरी आहे आणि तिला मोजायला सुरुवात मोहल्ल्यातून होऊ शकते. एक मार्ग पैशाचा आहे. डिसेंबर-जानेवारीत लिंबू स्वस्त असताना रस काढून साखरेच्या गार केलेल्या पाकात मिसळला तर ते सरबत काही महिने टिकतं. जमाअतने चार घरांतल्या बायकांना किंवा बचत गटाला हे काम द्यावं, रस्त्यावर विकणाऱ्याला देतो तशी रोख मजुरी द्यावी. ‘सवाब मिळेल’ हे उत्तर देऊ नये. सवाब सगळ्यांनाच हवा असतो, तरी मंडपवाल्याला आपण रोखच देतो. दुसरा मार्ग जास्त अवघड आहे. पुरुषांनी सुरी हातात घ्यायची. खिदमत म्हणून आपण दस्तरखान अंथरतो, ग्लास मांडतो, पंखे लावतो. जे काम दिसतं ते सगळं करतो. बोट चिरणारं आणि कोणाला न दिसणारं काम तेवढं पुडीवर किंवा घरावर सोडतो.

यंदा मी आधीच तयारी केली आहे. दोन पाट, तीन सुऱ्या, एक मोठी स्टीलची गाळणी, काचेची एक बरणी. दाबयंत्र घरी कुलपात ठेवलं आहे. लिंबं आदल्या दिवशी धुऊन कोरडी करायची, असरनंतर कापायची, रस अजानच्या पंधरा मिनिटं आधी घालायचा. साली बरणीत जातील आणि त्याचं अचार ईदनंतर ज्यांनी कापलं त्यांच्या घरी जाईल, हे अम्मीने ठरवलं आहे. मोहल्ल्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी परवा निरोप टाकला, की पहिल्या रोज्याला साडेपाचला कोण येतंय ते कळवा. ऐंशीजणांच्या ग्रुपमध्ये आतापर्यंत सहाजणांनी होकार दिला आहे. त्यात ते बुजुर्गही आहेत. त्यांनी लिहिलंय, “आऊंगा, पर पहले तुम काटके दिखाओ.”